सकाळी सेल्फ कण्हतो, दुपारी गाडी ठणठणीत: जुन्या गाडीचा थंडीतला दोष स्वतः कसा शोधावा

निफाडच्या बाजूला राहणाऱ्याला थंडीचं अप्रूप नसतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला तीन-चार गाड्यांचे सेल्फ एका सुरात कण्हायला लागतात. त्यातला एक सूर माझा होता.

माझी गाडी २००४ सालची, छोटी, पेट्रोलवरची, पंधरा वर्षं पुरी झाल्यावर आरटीओत पुन्हा पास करून घेतलेली. पहिल्या हिवाळ्यात तिच्यासाठी मी नवी बॅटरी घेतली, प्लग बदलले, सेल्फ खोलून घेतला, इंजेक्टर साफ करून घेतले. दुपारी ती एका चावीत सुरू व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घुर्र… घुर्र… आणि गप्प. दर वेळी गॅरेजवाला म्हणायचा, "दादा, गाडी तर एक नंबर चालतेय." त्याचंही खरं होतं, कारण त्याच्यापर्यंत गाडी पोचायची तेव्हा ती तापलेली असायची.

इथेच सगळी गोम आहे. थंड गाडीचा दोष दिवसातून एकदाच दिसतो. एकदा इंजिन सुरू झालं की ऑइल पातळ होतं, बॅटरी चार्ज व्हायला लागते, पेट्रोलच्या लाइनीत दाब भरतो आणि पुरावा जागेवरून नाहीसा होतो. म्हणून एका सकाळी एकच प्रश्न विचारायचा, उत्तर वहीत लिहायचं आणि दुसरा प्रश्न उद्यावर टाकायचा. मला असं करत तीन सकाळी लागल्या. आधी केलेला खर्च नऊ-दहा हजारांचा होता.

## सुरुवातीआधी हाताशी काय असावं

- साधा डिजिटल मल्टिमीटर. माझा साडेचारशे रुपयांचा आहे, तेवढ्यात काम भागतं.
- १० आणि १२ नंबरचे पाने, प्लग पाना, फिलर गेज (प्लगची फट मोजायच्या पातळ पट्ट्या).
- पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खायचा सोडा, थोडं व्हॅसलीन.
- जाड तारेची जम्पर केबल. बाजारात मिळणारी स्वस्त केबल वरून जाड दिसते, पण आत तांबं कमी आणि प्लास्टिक जास्त असतं. दोन मिनिटांत ती हाताला चटका देते.
- गाडीचं मॅन्युअल. हरवलं असेल तर तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाकडून फोटो मागवा.
- बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड, मागच्या दोन-तीन सर्व्हिसिंगच्या पावत्या. प्लग, फिल्टर कधी बदलले हे आठवणीवर सोडू नका, आपण नेहमी वर्षभर कमीच सांगतो.
- एक वही आणि चावी फिरवायला घरातलं एक माणूस.

सुरक्षेचं एवढं पाळा: हँडब्रेक ओढलेला आणि गिअर न्यूट्रलला. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसायचं नाही, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीजवळ काडी, बिडी, लायटर नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आणि सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा.

## १. आधी कान लावा

बॉनेट उघडण्याआधी फक्त ऐका. चावी फिरवल्यावर चारपैकी काहीतरी एक होतं.

पहिलं, काहीच नाही किंवा नुसतं एक "टक". दुसरं, "टकटकटकटक" अशी जलद टकटक आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद. तिसरं, इंजिन फिरतं पण म्हशीच्या चालीनं. चौथं, इंजिन नेहमीच्या जोरात फिरतं, पण पेटत नाही.

पहिल्या तिघांचं कारण विजेत आहे, म्हणजे बॅटरी, केबल, सेल्फ. त्यांनी पायरी ३ ते ६ पाहायची. चौथ्याचं कारण पेट्रोल, ठिणगी किंवा सेन्सरमध्ये, त्यांनी थेट पायरी ७ वर जायचं. लोक इथेच घसरतात. इंजिन जोरात फिरत असतं आणि तरी बॅटरी बदलून आणतात.

## २. रात्रीची तयारी

गाडी निदान आठ तास बंद हवी. बॉनेटची खिटी रात्रीच ओढून ठेवा, म्हणजे सकाळी दार न उघडता मीटर लावता येतो. दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि आकडा जरासा उतरतो. वहीत तारीख, वेळ, अंदाजे तापमान, आदल्या दिवशी गाडी किती चालली, टाकीत पेट्रोल किती, एवढं लिहा. रोज दोन किलोमीटर शाळेपर्यंत आणि परत, इतकीच जर गाडी फिरत असेल तर ते तर नक्कीच लिहा. सेल्फनं खाल्लेली वीज अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, तेवढ्यात भरून काढता येत नाही.

## ३. बॅटरीचे तीन आकडे

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. टोकं शिशाच्या खुंटीवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको.

पहिला आकडा चावी लावण्याआधीचा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा. त्या अवस्थेत पुढचं काहीच मोजण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा सेल्फ फिरत असतानाचा. घरच्याला चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटरवर नजर ठेवा. तो साडेनऊच्या वर टिकला पाहिजे. सकाळचा आकडा १२.६, पण सेल्फ मारताच ८ वर कोसळतो, म्हणजे बॅटरी आतून थकली. थंडीत शिसं-आम्लाच्या बॅटरीची ताकद तशीही कमी होते आणि तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन तिच्याकडे जास्त मागतं. म्हणून उन्हाळाभर निभावलेली बॅटरी डिसेंबरात उघडी पडते.

तिसरा आकडा इंजिन सुरू झाल्यावरचा. १३.८ ते १४.५ च्या आसपास हवा. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पाहा. नवी बॅटरी घेतलीत तरी ती उपाशीच राहणार.

आता माझे आकडे. सकाळी १२.६. सेल्फ मारताना ११.१. आणि इंजिन तरीही म्हशीच्या चालीनं. मी आधी खूश झालो, बॅटरी उत्तम म्हणून. मग लक्षात आलं, की सेल्फ खरोखर पुरेशी वीज ओढत असता तर बॅटरी एवढी वर राहिलीच नसती. वीज वाटेतच अडत होती.

## ४. केबल आणि अर्थिंग, म्हणजे माझी गोष्ट

या पायरीला गॅरेजमध्ये कोणी वेळ देत नाही, म्हणून तुम्ही द्या.

सेल्फ फिरताना थंड इंजिन शंभर-दीडशे अँपिअर सहज खातं. एवढ्या प्रवाहाला वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा आला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट जागीच जातात. एवढा बारीक अडथळा साध्या मीटरवर ओहममध्ये दिसत नाही. "वायर चेक केली, कंटिन्युइटी आहे", म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही, असं म्हणणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका. एका धाग्यावर लटकलेली केबलसुद्धा कंटिन्युइटी दाखवते. मोजायचं ते व्होल्टमध्ये, आणि सेल्फ फिरत असताना.

आधी सोपं काम. टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा असेल तर सोड्याचं पाणी घालून टूथब्रशनं घासा, पाण्यानं धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी.

मग दुसऱ्या सकाळी हे मोजा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. लाइनीत उरलेल्या दाबावर ती क्षणभर सुरू झाली तर होऊ द्या, दुसऱ्यांदा होणार नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डबीतून) काढून इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल टोक इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. सेल्फ मारा. मीटरवर ०.२, फार तर ०.३ व्होल्ट यावेत. मला आले २.३. म्हणजे बॅटरीवर ११.१ असून सेल्फपर्यंत जेमतेम ८.८ पोचत होते.

प्लसच्या बाजूलाही हेच. एक टोक प्लस खुंटीवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर प्लसची केबल संशयित.

खात्री करायची सोपी युक्ती: जम्पर केबलचा काळा तुकडा बॅटरीच्या मायनसपासून सरळ इंजिनच्या धातूला जोडा आणि सेल्फ मारा. माझ्या गाडीनं अर्ध्या फेऱ्यात उडी मारली. बायको आत बसली होती, ती दचकून म्हणाली, "काय केलंत?" काहीच केलं नव्हतं, फक्त विजेला परतीची वाट दिली होती.

खाली वाकून पाहिलं तर गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेल्या तारांची पट्टी वरून काळी, पण धडधाकट दिसत होती. बोल्ट सोडला तेव्हा थिंबलखालून, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखालून, हिरवी भुकटी हातावर पडली. पट्टी बोटानं वाकवली आणि थिंबलच्या तोंडाशी निम्म्या तारा कुडकुडीत तुटलेल्या निघाल्या. दुपारी तापलेलं इंजिन कमी वीज मागायचं, उरलेल्या तारांत भागायचं. सकाळी भागायचं नाही. नवी पट्टी, दोन वॉशर आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी मिळून तीनशेच्या आत काम झालं. सेल्फ मी उगाच खोलून घेतला होता.

## ५. सेल्फ

बॅटरी आणि केबल दोन्ही चोख असून नुसतं एक "टक" येत असेल, तरच सेल्फकडे वळा. घरच्यानं चावी धरलेली असताना सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्यानं हलकेच ठोका. फिरला, तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेत. ठोकून चालणारा सेल्फ हा आठवड्या-दोन आठवड्यांचा पाहुणा समजा. हातोडी वापरू नका.

## ६. रात्रीतून वीज कोण पितं

संध्याकाळी १२.६ आणि सकाळी १२.१ असेल, तर कोणीतरी रात्रभर पीत आहे. मायनस केबल सोडा, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये जोडा, दारं बंद करा, अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या खाली असेल तर ठीक. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या लाइनीवर. जुन्या गाडीत तो बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला असतो: म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, रिव्हर्स कॅमेरा. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत म्युझिक सिस्टिम ४०० मिलिअँपिअर खात होती. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास झाले. ३५ ची बॅटरी चौथ्या दिवशी आडवी.

## ७. जोरात फिरतं पण पेटत नाही: पेट्रोल

आता चौथ्या प्रकारचे लोक. इंजेक्शनवाल्या, म्हणजे एमपीएफआय गाडीत चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद "हूंऽऽ" असा पंपाचा आवाज येतो. रेडिओ, पंखा बंद करून ऐका. आवाज नाही, तर फ्यूज आणि रिले पाहा.

आवाज येतो, तरी सकाळी गाडी खूप वेळ सेल्फ मारल्यावरच पेटते? मग ही युक्ती करा, पण फक्त थंड गाडीवर. चावी ऑन करा, आवाज थांबू द्या, ऑफ करा. असं तीनदा. मग सेल्फ मारा. चटकन पेटली, तर रात्रीतून लाइनीतला दाब उतरतो आहे. त्याला तीन वाटा आहेत: पंपाचा वाल्व, प्रेशर रेग्युलेटर, किंवा टपकणारा इंजेक्टर. रेग्युलेटर इंजिनवर असेल तर त्याची बारीक व्हॅक्यूम नळी काढून वास घ्या. आत पेट्रोल ओलं लागलं तर त्याचा पडदा फाटला. इंजेक्टर टपकत असेल तर पहिल्याच फटक्याला काळा धूर आणि उग्र वास येतो. दोन्ही नसतील तर बोट पंपाकडे.

सीएनजीवाल्यांसाठी इथे थोडं थांबतो, कारण जुन्या गाड्यांतल्या कितीतरी आता गॅसवर आहेत. किट बसवलं की माणूस पेट्रोल विसरतो. टाकी कायम रिझर्व्हला, त्यातलं पेट्रोल महिनोन् महिने तेच. गाडी मात्र सकाळी बहुतेक वेळा पेट्रोलवरच सुरू व्हायची असते. पंप टाकीतल्या पेट्रोलनंच थंड राहतो, त्यामुळे कोरड्या टाकीत तो लवकर मरतो. माझ्या मेव्हण्यांची गाडी याच दुखण्याची. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. तेवढ्यानं खर्च फारसा वाढत नाही.

इथेनॉलचंही लक्षात असू द्या. २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर आलं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनी गाडी, थंडी आणि महिनाभर उभी असलेली टाकी, हे तिन्ही एकत्र आले की सकाळ जड जाते. उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल जुनं होऊ देऊ नका आणि रबरी नळ्यांना भेगा, फुगवटा आहे का ते वर्षातून एकदा पाहा. गळती दिसली तर बाकी सगळं सोडून आधी ती.

फार वेळ सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला, म्हणजे इंजिन ओलं झालं. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की पेट्रोल तोडलं जातं आणि हवा आत जाऊन प्लग सुकतात. पेटताच पाय काढा.

आणि धक्का स्टार्ट? कार्बोरेटरच्या जमान्यात ठीक होतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा डबा) असलेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल त्यात जातं आणि तो खराब होतो. गल्लीतल्या पोरांना गोळा करण्याआधी जम्पर केबल शोधा. लाल मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळं चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळ्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब.

## ८. ठिणगी

मध्ये थांबत थांबत चार-पाचदा सेल्फ मारूनही पेटली नाही तर प्लग काढा आणि वाचा. पेट्रोलनं ओला, म्हणजे पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही. कोरडा खडखडीत, म्हणजे पेट्रोलच येत नाही. काळा, काजळी धरलेला, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. फट मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे ठेवा. गाडीगणिक ती साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. झिजून वाढलेल्या फटीवरून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि सेल्फ फिरताना नेमकं तेच कमी असतं.

दवाच्या दिवसांत डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून कोरड्या फडक्यानं पुसून पाहा. केसाएवढ्या तड्यात ओल धरली की ठिणगी तिथूनच पळते. प्लग वायरी तपासायच्या तर अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. गळक्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. हात लावू नका, झटका जबरदस्त असतो. प्लग हातात धरून ठिणगी पाहण्याचा मर्दपणाही नको.

## ९. तापमानाचा सेन्सर आणि आयडलिंग

इंजिन किती थंड आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कूलंटमधला सेन्सर सांगतो. तो "मी तापलोय" असं खोटं बोलला, तर ईसीयू थंड इंजिनला लागणारं जादा पेट्रोल देत नाही. लक्षण असं की सकाळी छळते आणि तापलेली असताना तक्रार शून्य.

सेन्सरचा सॉकेट काढून ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम, थंड सकाळी चार-पाच हजार, इंजिन ८० अंशांवर आलं की तीनशेच्या आसपास. थंडीतच जर चारशे-पाचशे दाखवला तर सेन्सर गेला. अनेक गाड्यांत असे दोन असतात. एका तारेचा फक्त डॅशबोर्डच्या काट्यासाठी, दोन तारांचा ईसीयूसाठी. मी पहिल्यांदा काट्याचाच मोजून मोकळा झालो होतो.

गाडी पेटते, पण पाय काढला की बंद पडते? थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असेल किंवा आयडल वाल्व अडकला असेल. क्लीनर मारून साफ करा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर घ्यायला धावू नका. तो ज्या यंत्रणेशी बोलतो ते ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष नोंदवणं, आपल्याकडे २०१० पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत तो जुळेलच असं नाही.

## १०. चोकवाली गाडी

तुमची गाडी कार्बोरेटरची असेल तर सेल्फ मारण्याची पद्धतच वेगळी. चोक पूर्ण ओढा, अॅक्सिलरेटर एक-दोनदा दाबा, मग पाय बाजूला ठेवून सेल्फ मारा. पेटल्यावर अर्ध्या मिनिटानं चोक अर्धा आत, इंजिन स्थिर झालं की पूर्ण आत. पाय सारखा पंप करत राहिलात तर प्लग ओले होतात. चोक ओढूनही फरक पडत नसेल तर एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कोणाला तरी चोक ओढायला सांगून आतली पाकळी पूर्ण मिटते का पाहा. केबल ढिली झाली की वरचं बटन हलतं, पाकळी अर्ध्यावर राहते.

## ११. डिझेल

डिझेलला प्लगची ठिणगी नसते, दाबानं तापलेल्या हवेत डिझेल पेटतं, आणि थंडीत त्या हवेला हीटर प्लगची मदत लागते. डॅशबोर्डवरचं वेटोळ्याचं चिन्ह विझेपर्यंत थांबा.

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हीटर प्लगची जोडपट्टी सोडून प्रत्येक प्लग ओहममध्ये मोजा. एक ओहमच्या आसपास असेल तर चांगला, मीटर काहीच दाखवत नसेल तर मेलेला. स्वस्त मीटरची टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायला विसरू नका. धूर अजिबातच नसेल तर डिझेलच पोचत नाही. बहुधा लाइनीनं हवा पकडली. फिल्टरवरचा हँड पंप घट्ट होईपर्यंत मारा आणि रात्रीतून तो पुन्हा मऊ पडत असेल तर नळ्या, वॉशर, फिल्टरची सीट तपासा.

हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. आत तापलेल्या टोकावर तो अवेळी भडकतो आणि पिस्टनचं नुकसान होतं.

## १२. एवढं करूनही नाही सापडलं तर

ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच आहे ना, पाहा. "जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाकू" म्हणून २०डब्ल्यू-५० भरलेलं असतं आणि थंडीत सेल्फला ते काकवीसारखं घुसळावं लागतं. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. ते गॅरेजमध्येच मोजून घ्या.

गॅरेजला नेताना गाडी संध्याकाळी सोडा. स्पष्ट सांगा, "उद्या सकाळी मी आल्याशिवाय चावी लावू नका." चांगला मेकॅनिक यावर हसत नाही. आणि सोबत चिठ्ठी द्या, तक्रारीची नव्हे, मोजमापाची. "सकाळी सुरू होत नाही" हे वाक्य ऐकून कोणीही बॅटरीच पाहणार.

मेव्हण्यांच्या गाडीची चिठ्ठी मी लिहून दिली होती: "सकाळी १२.५ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.४. इंजिन जोरात फिरतं, पण पंधरा सेकंद पेटत नाही. चावी तीनदा ऑन-ऑफ केली की लगेच पेटते. रेग्युलेटरची नळी कोरडी. काळा धूर नाही." मेकॅनिकनं ती दोनदा वाचली, बॉनेटकडे गेलाच नाही, मागचं दार उघडून सीट उचलली आणि विचारलं, "टाकीत पेट्रोल किती आहे?"

मेव्हणे ओशाळून म्हणाले, "रिझर्व्हला."

"मग बरंय, टाकी उतरवायला हलकी जाईल."